बाराची ओहोटी

दिवाळीचा फराळ संपला, की लोक मला समुद्र विचारायला यायचे. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसलेल्या माणसाला! आमच्या खिडकीतून दिसायचं काय, तर शेजारच्या कारखान्याची चिमणी आणि सायकल स्टँडचं पत्र्याचं छप्पर. समुद्र तिथून बसने चार तासांवर. तरी कॅन्टीनला जाता-येता जो तो खिडकीत डोकं घालून विचारणार, "काय वेधशाळा, कुठला दिवस काढताय?" मी हजेरीच्या कार्डांवरून नजर न उचलता म्हणायचो, "बघतो." दहा वर्षं हे चाललं. शेवटी शेवटी मला त्या प्रश्नाचा इतका वीट आला होता, की कुणी नुसतं "काय" म्हटलं तरी माझं डोकं उठायचं.

कारखान्याची वर्षातून एक सहल जायची, बायकापोरांसकट. अलिबागच्या अलीकडे एक सपाट किनारा होता, तिथे. खडक नाही, खड्डा नाही, पाणी हळूहळू खोल होत जाणारं. ज्यांनी आयुष्यात उल्हास नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही अशांना उभं करायला तो किनारा बरा. आणि आमच्यात बहुतेक सगळे तसलेच. बुवापाड्यात राहणारे फिटर, टर्नर, त्यांच्या बायका, गावाहून आलेली एखादी मेहुणी. पोहता येणारी माणसं दोन बसमध्ये मिळून चार. मी त्या चारांत नव्हतो.

दिवस काढायचा म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे कारखान्यांना विजेच्या सोयीसाठी रविवारी नाही, शुक्रवारी सुटी. म्हणजे शुक्रवार हवा. डिसेंबर-जानेवारीतलाच हवा, कारण तेव्हा लाटा लहान आणि वारा शहाणा असतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, ती अकराच्या सुमाराला पडते. दोननंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाणी खवळायला लागतं. मधले दोन-अडीच तास काय ते नवख्या माणसाचे. त्याच वेळेला पाणी चढतं असायला हवं. चढतं पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं, उतरतं पाणी पायाखालची वाळू काढून घेतं आणि मग माणूस. तेव्हा शुक्रवार असा पाहिजे, की त्या दिवशी ओहोटी बरोबर बाराला संपेल आणि बारानंतर पोरं पाण्यात सोडता येतील.

हे सगळं मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, आईने शिकवलं. तिचे वडील रत्नागिरीकडे एका खाडीवर होडीने माणसं पलीकडे सोडायचे. ती लग्न होऊन बदलापूरला आली तेव्हा तिने बरोबर दोन पातळं, एक पाटा आणि ही एक युक्ती आणली होती. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ आली. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. झालं. घड्याळ नको, पेपर नको.

पहिल्या सहलीला कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मिळाला तो शुक्रवार धरून आम्ही गेलो. आई तेव्हा पन्नाशीची, पायाने खणखणीत. बसमधून उतरल्या उतरल्या तिने पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाणी उतरतंय. पोरांना आत सोडू नका." कोण ऐकतंय? म्हातारी बाई काहीतरी बोलते, म्हणून सगळे धावत सुटले. अर्ध्या तासात एका टर्नरची सात वर्षांची मुलगी पाण्यात बसली ती उठेचना. लाट मागे जाताना तिलाही मागे नेत होती. बाप नुसता ओरडत होता. आई पातळाचा काच्या मारून आत गेली आणि पोरीला वेणीला धरून ओढून बाहेर आणली. पोरीला काही झालं नाही, थोडं पाणी गेलं नाकात. बाप आईच्या पाया पडला. आई म्हणाली, "पाया नको पडू, पुढच्या वर्षी तिथी बघून ये."

पुढच्या वर्षी सहलीची कमिटी माझ्याकडे आली. "तुमच्या आई कोकणातल्या ना? त्यांना विचारून दिवस सांगा." मी विचारलं. तिने भाकरी थापता थापता पाऊणपट शिकवली. मग त्याच्या पुढच्या वर्षी मी माझं मीच काढलं, आणि त्यानंतर तिला विचारायची गरज उरली नाही. वेधशाळा म्हणून नाव झालं ते माझं.

मी ते काम चोख केलं हे मात्र मी सांगणार. कॅन्टीनच्या फळ्यावर खडूने लिहायचो: शुक्रवार, तिथी अष्टमी. भरती सकाळी सहा, ओहोटी बारा. बारानंतरच पाण्यात. गुडघ्याच्या वर कुणी जायचं नाही. ट्यूब मोठ्यांच्या हातात. शिट्टी वाजली की बाहेर. दोरी आणि ट्यूब मी उल्हासनगरला कॅम्प दोनमधून आणायचो. तिथला सिंधी दुकानदार ट्रकच्या जुन्या ट्यूब पंक्चर काढून विकायचा. दर वर्षी त्याचा तोच विनोद, "साईं, खुद तो तैरना सीख लो." दर वर्षी मी तेच म्हणायचो, की मला पोरं मोजायची असतात, पोहायला वेळ कुठाय? ते खरंच होतं. किनाऱ्यावर मी गळ्यात शिट्टी अडकवून उभा असायचो आणि पोरं मोजत असायचो. छत्तीस, छत्तीस, पस्तीस, कुठे गेलं, हां, छत्तीस. संध्याकाळी माझं डोकं भणभणलेलं असायचं. लोक गाणी म्हणत परतायचे आणि मी खिडकीला टेकून झोपायचो. दहा वर्षांत एकाही पोराच्या नाकात पाणी गेलं नाही. याचं कुणी कधी कौतुक केलं असेल तर शपथ. उलट आदल्या वर्षीपेक्षा बटाटेवडे लहान होते का, यावर बसमध्ये चर्चा चालायची.

आई दर वर्षी यायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तिचे गुडघे गेले. बदलापुरात, शिरगावातल्या घराच्या तीन पायऱ्या ती कठड्याला धरून आडवी उतरायची. तरी सहलीच्या दिवशी पहाटे चारला सगळ्यांच्या आधी तयार. किनाऱ्यावर सुरूची झाडं होती, त्यांच्या सावलीत सतरंजी टाकून ती बसायची. सगळ्यांच्या पिशव्या, चपला, घड्याळं तिच्या राखणीला. बायका म्हणायच्या, "आजी आहेत म्हणून बरं." मी एक-दोनदा विचारलं होतं, "येतेस का पाण्यापर्यंत?" ती म्हणाली होती, "मला काय नवीन रे त्यात? जन्म गेला माझा पाण्यावर. तू पोरांकडे बघ." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. एक माणूस कमी मोजायला.

दहाव्या सहलीनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पिशव्या रिकाम्या करत होती. मी चहा पीत होतो, अंग आंबलेलं होतं. तिने आईच्या पिशवीतून एक पातळ काढलं, हिरवं, घडी केलेलं, आणि माझ्यासमोर धरलं.

"हे बघा."

"काय आहे?"

"आईंचं पातळ. जादाचं. दर वर्षी जातं आणि दर वर्षी असंच परत येतं. घडीसुद्धा मोडत नाही."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय? बाई सुकं पातळ बरोबर कशाला घेते?"

माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. उलट मी चिडलोच. म्हटलं, "जायचं होतं तर जायचं की पाण्यात. मी अडवलं होतं का? मी विचारलं होतं तिला."

बायको म्हणाली, "अहो, तुमचं पाणी कुठे असतं आणि त्या कुठे बसलेल्या असतात! त्यांना अंगणापर्यंत चालवत नाही. आणि चार माणसांत कुणी उचलून नेलेलं त्यांना चालणार आहे का?"

मी चहा खाली ठेवला. तो किनारा सपाट आहे, हे मी दहा वर्षं सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो. सपाट किनाऱ्यावर ओहोटीचं पाणी लांब जातं. सुरूच्या झाडापासून पाण्यापर्यंत ओल्या वाळूतून तीनशे पावलं तरी होती. मी ओहोटी बाराला संपेल असा दिवस शोधून शोधून काढायचो, म्हणजे दर वर्षी शोधून शोधून पाणी आईपासून जास्तीत जास्त लांब असेल अशी वेळ काढायचो. आणि ते तिनेच शिकवलेल्या पाऊणपटीने. तिला हे पहिल्या दिवसापासून कळत असणार. फळ्यावरची तिथी ऐकली, की तिला डोळे मिटून कळत असणार पाणी कुठे असेल ते. तरी ती पातळ घ्यायची. कशाच्या आशेवर घ्यायची, देव जाणे. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली आणि ती कुणाला सांगताही येईना.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, की एवढा बसचा प्रवास आता बस झाला, यंदा न्यायचं तर न्या, पुढे नको. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसलो. लागोपाठचे दोन शुक्रवार समोर होते. एक द्वितीया, पुढचा अष्टमीच्या आसपासचा. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे पहिल्या शुक्रवारी भरती दुपारी दीडला, अमावस्येच्या लगतची, भरपूर पाण्याची. पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत. पुढच्या शुक्रवारी नेहमीची बाराची ओहोटी, लांब पाणी, सुखाची सहल. कमिटीला विचारलं असतं तर त्यांनी दुसराच मागितला असता. भरतीला वाळू उरत नाही. वाळू नाही तर क्रिकेट नाही, आणि आमच्या लोकांना समुद्र नसला तरी चालेल, क्रिकेट पाहिजे. शिवाय भीती होतीच. पाणी चढतं असलं, तरी भरपूर पाणी ते भरपूर पाणी.

आईसाठी दिवस बदला, असं मी कमिटीला सांगू शकलो असतो. त्यांनी ऐकलं असतं की नाही, माहीत नाही. पण आईला ते कळलं असतं आणि मग ती आलीच नसती. तिचा स्वभाव मला ठाऊक होता.

मी फळ्यावर पहिला शुक्रवार लिहिला. खाली लिहिलं, ओहोटी बारा. तिथी लिहिली नाही. लिहिताना खडू दोनदा मोडला. वीस वर्षं मी लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लावत होतो. पाच मिनिटं उशिरा आलेल्याचं कार्ड मी सख्ख्या मित्रासाठीही बदललं नव्हतं, त्यावरून शिव्या खाल्ल्या होत्या. आणि इथे मी सकाळी साडेसातची ओहोटी बाराला दाखवून राजरोस साडेचार तासांची थाप मारत होतो. तिथी कुठे गेली, हे एकानेही विचारलं नाही.

सहलीच्या पहाटे बसमध्ये आई माझ्या शेजारी बसली होती. कर्जत गेल्यावर उजाडलं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "काल संध्याकाळी चंद्र नव्हता रे वर."

मी म्हटलं, "ढग असतील."

"मार्गशीर्षात कसले ढग?"

  मांडीवरची पिशवी तिने जवळ ओढून घेतली.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि पाणी निम्म्या वाळूवर आलेलं होतं. पोरांनी स्टंप ठोकले. दहा-बारा ओव्हर झाल्या असतील, तेवढ्यात लाट यष्टिरक्षकाच्या पायात आली. स्टंप मागे घेतले. पुन्हा लाट आली. सव्वाबाराला खेळ बंद पडला आणि एक स्टंप वाहून गेला तो गेलाच. जेवायच्या सतरंज्या दोनदा उचलून वर न्याव्या लागल्या. तेव्हा सगळे माझ्यावर उलटले.

"साहेब, ओहोटी कुठाय तुमची?"

"क्या यार वेधशाळा, पूरा प्रोग्राम का वाट लगा दिया!"

"म्हातारा झाला हो हा, बदला याला."

मी म्हटलं, "चुकलं." तेवढंच म्हटलं. दोन पोहणारे पाण्यात उभे केले, दोन काठावर, मध्ये दोरी धरायला लावली आणि पोरांना सांगितलं, की दोरीच्या अलीकडे, घोट्याएवढ्या पाण्यात.  मी आईसाठी दुसऱ्यांची पोरं पणाला लावली होती आणि हे मला त्या क्षणी जितकं कळत होतं तितकं कॅलेंडर बघताना कळलं नव्हतं. मोजत होतो. यंदा पोरं एकतीस होती. एकतीस. एकतीस.

एकच्या पुढे पाणी सुरूच्या मुळांजवळ आलं. आई सतरंजीवर पाय लांब करून बसली होती. तिने सगळ्यांच्या चपला एकेक करून मागे टाकल्या, घड्याळं बायकोकडे दिली आणि मला हाक मारली.

"हात दे."

मी एका बाजूने धरलं, बायकोने दुसऱ्या. ती चालली. अडखळत, थांबत, पण स्वतःच्या पायाने चालली. कुणी बघितलंसुद्धा नाही, सगळे आपापल्या जेवणात आणि मला शिव्या देण्यात. पाणी घोट्यापर्यंत आल्यावर ती म्हणाली, "बसव." आम्ही तिला बसवलं. लाट आली ती तिच्या मांड्यांवरून पुढे गेली आणि फेस पातळात अडकून राहिला. तिने दोन्ही हात पाण्याखाली वाळूत रोवले. डोळे मिटले नाहीत, हसली नाही, काही नाही. नुसती बसून राहिली, आपल्या ओसरीवर बसावं तशी.

मागून पुन्हा कुणीतरी ओरडलं, "वेधशाळा, पगार कापा यांचा!"

आई समोर बघत म्हणाली, "खोटी वेळ सांगितलीस ना?"

"हो."

"मग हितं काय उभा? पोरांकडे बघ जा."

मी गेलो. मोजत राहिलो, पण मधूनच तिच्याकडे नजर जायची. बायको तिच्या शेजारी साडीसकट बसली होती.  सुनेला माझ्या आईने आयुष्यात फारसं काही गोड म्हटलेलं नाही, पण त्या अर्ध्या तासात तिने एका हाताने बायकोचं मनगट धरलं ते सोडलं नाही.

दीडच्या थोडं पुढे आईने हात वर केला. मी धावत गेलो, काय झालं म्हणून. ती म्हणाली, "वळलं पाणी. पोरं बाहेर काढ. मग मला उठव." मला पाण्यात काही फरक दिसत नव्हता, तिला तो हाताखालच्या वाळूत लागला होता. मी शिट्टी वाजवली. पोरं कुरकुरत बाहेर आली. मग आम्ही तिला उठवलं आणि परत झाडाशी आणलं. झाडाशी येताना मला पावलं मोजायची गरज नव्हती, पण सवयच ती. दहा पावलं.

बायकोने सतरंजी आडवी धरली आणि आईने आडोशाला पातळ बदललं. ते हिरवं. त्याच्या घड्या इतक्या वर्षांच्या, की नेसल्यावरही चौकोन दिसत होते. ती झाडाला टेकून बसली आणि उतरायला लागलेल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "एवढ्या जवळ येतं रे इथे."

मी म्हटलं, "हो. येतं."

मला रडू आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली. पोरं टॉवेल गुंडाळून एका ओळीत बसली होती. मी मोजायला लागलो. दोनदा मोजली, दोन्ही वेळा चुकलो. शेवटी आईनेच मागून आवाज दिला, "एकतीस आहेत रे. बस खाली आता."